घडीचा चाकू: देखणा की दणकट?

रानवाट:
पावसाळी भटकंतीसाठी घडीचा चाकू घ्यायचाय. फळं, दोरी, क्वचित बारीक फांदी, एवढंच काम. मनात भरलाय तो ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबर: कार्बन पोलादाचं पातं, बीच लाकडाची मूठ. दुसरा डी२ पोलादाच्या पात्याचा, जी१० (काचतंतू आणि रेझिनच्या) मुठीचा, लायनर लॉकवाला, म्हणजे मुठीतली धातूची पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकून ते अडवते. तो भक्कम वाटतो, पण दिसायला अगदीच रुक्ष. सह्याद्रीच्या पावसात कुठला टिकेल?

निसणा:
ओपिनेल नाजूक नाही. १९५५ पासून त्याच्या मुठीवर फिरती कडी असते, ती फिरवली की उघडलेलं पातं मिटत नाही. अडचण लाकडाची आहे. बीच पाणी पितं, फुगतं आणि पात्याला खाचेतच आवळून धरतं. मग कितीही नख लावा, उघडत नाही. अशा वेळी कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं. पक्का उपाय म्हणजे १२० नंबरचा पॉलिश पेपर जाड पुठ्ठ्यावर दुमडून खाचेच्या दोन्ही भिंती किंचित घासायच्या. मग कडी काढून, पातं ज्या खिळ्यावर फिरतं ते टोक जवसाच्या तेलात रात्रभर बुडवायचं, पुसायचं आणि आठवडाभर सुकू द्यायचं. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात! आणि पातं स्टेनलेसचंच घ्या. रूप तेच राहतं, गंजाची कटकट कमी.

खटका:
डी२ गंजत नाही असं समजू नका. त्यात गंज रोखणारं क्रोमियम साधारण १२ टक्के, पण कार्बन दीड टक्का, त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनसोबतच्या कठीण संयुगात) अडकतं. ओल्या सॅकमध्ये ठिपके पडतात. १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद मिळालं तर ते बरं, धारही लवकर लागते.

लायनर लॉक दुकानातच तपासा. उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाखाली पाव ते निम्मी सरकलेली हवी. जेमतेम कडेला टेकली असेल तर निसटेल, पार पलीकडे पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर स्क्रू आवळून भागतं. वर-खाली हलत असेल तर तो चाकू घेऊच नका.

रानवाट:
दमास्कस नक्षीचं, म्हणजे पोलादाच्या थरांमुळे लाटांसारखी नक्षी दिसणारं पातं कसं?

खटका:
नक्षी पात्याच्या पाठीवरूनही गेलेली दिसते का बघा. पाठ कोरी असेल तर ती वरवर छापलेली, घासली की जाते. खरं दमास्कस बहुतेक कार्बन पोलादाचं, म्हणजे पावसात पुन्हा गंज. हौस मुठीवर करा: पोलादी लायनरवर बसवलेलं शिसवी लाकूड घ्या. ते फुगलं तरी पातं आवळलं जात नाही, मध्ये पट्ट्या असतात.