कंपवात म्हणजे फक्त डोपामिनचीच गोष्ट?

मारवा:
कंपवातावर (पार्किन्सनवर) मराठीत काहीही वाचा, 'डोपामिन हे मेंदूतलं संदेश नेणारं रसायन कमी होतं' यापुढे कोणी जात नाही. मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रामधले डोपामिनवाले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, मरतात, मान्य. पण त्यांना खेटूनच, नायग्राच्याच पार्स रेटिक्युलाटा या भागात, गाबा हे शांत करणारं रसायन सोडणारे निरोधक (दुसऱ्या पेशींना आवरणारे) न्यूरॉन असतात. ते बहुतेक जगतात आणि बिघडतात. हालचालीचे संदेश पुढे पोहोचवणाऱ्या थॅलॅमसला दाबून ठेवणं हे त्यांचं काम. हालचाल करायची तर तो दाब क्षणभर सुटावा लागतो. कंपवातात तो नीट सुटत नाही. माणूस अडतो तो या जिवंत पेशींपायी, उपचारांनीही तिकडेच बघावं.

अप्पा कोथरूडकर:
कारण नि परिणाम यांची गल्लत करताय. डोपामिन गेलं म्हणून गाबावाले बिघडले. मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेव्होडोपाची गोळी लागू पडली की तोच माणूस उठून चालतो. आणखी काय पुरावा हवा?

मारवा:
हवा ना! १९९० मध्ये बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी एमपीटीपी हे डोपामिनच्या पेशी मारणारं विष देऊन कंपवात आणलेल्या माकडांचं, थॅलॅमसखालचं सबथॅलॅमिक केंद्रक निकामी केलं. या निरोधक पेशींना चिथावणारं केंद्र तेच. डोपामिन न देताच माकडं सुधारली. आज डीबीएसची (मेंदूत विजेचे स्पंद देण्याच्या उपचाराची) तार बऱ्याचदा त्याच केंद्रात जाते.

रेवाकाठ:
दोघेही मेंदूतल्या या जोडण्यांच्या जुन्याच आकृतीवर भांडताय. निरोधक पेशी जास्त वेगाने कडाडतात (विजेचे संदेश सोडतात) म्हणून हालचाल अडते, असं ती सांगते. मग ग्लोबस पॅलिडस या केंद्राचा, थॅलॅमसला असाच दाबणारा निरोधक भाग जाळल्यावर अनावर हालचाली वाढायला हव्यात. पॅलिडोटॉमीत, म्हणजे त्याच शस्त्रक्रियेत, त्या उलट थांबतात! बऱ्याच प्रयोगांत सरासरी वेग फारसा वाढलेलाही दिसत नाही. बदलतो तो ताल. एरवी आपापल्या चालीने चालणाऱ्या या पेशी कंपवातात झुंडीने, एकदम कडाडतात. सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची बीटा लय या जाळ्यात बळावते.

अप्पा कोथरूडकर:
आणि ती लय लेव्होडोपाने उतरते. आलात ना फिरून डोपामिनवर!

रेवाकाठ:
डीबीएसनेही उतरते, अप्पा.

अप्पा कोथरूडकर:
बरं, मग गाबाचा थेट उपचार बघू. सबथॅलॅमिक केंद्रकात जनुक घालून तिथेच गाबा बनवायची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत उपचारवाले सुमारे २३ टक्के सुधारले, नुसती लुटुपुटूची शस्त्रक्रिया झालेले १३. यासाठी डोक्याला भोक?

मारवा:
फरक थोडा, पण खरा आहे. आणि लेव्होडोपावर काही वर्षं काढलेल्या, गोळीचा अंमल उतरला की खुर्चीला खिळणाऱ्या माणसाला तुम्ही काय देणार? आणखी एक गोळी?