रात्री ओट्यापाशी हात थांबत नाही, तेव्हा सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

मी ४१ वर्षांची असून एका पतसंस्थेत नोकरी करते. दिवसभर माझे खाणे काटेकोर असते: सकाळी फक्त चहा, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, शिवाय सोमवार व शुक्रवारचा उपवास. घरातील सगळे झोपले की मात्र मी ओट्यापाशी उभी राहून भडंगाचा डबा उघडते, मग चपाती-गूळ, मग सकाळच्या डब्यासाठी ठेवलेली भाजी, आणि चव कळेनाशी झाली तरी पोट दुखेपर्यंत खात राहते. आठवड्यातून तीन-चार रात्री असे होते आणि याला आता सहा वर्षे झाली. डबा कोणी संपवला असे सासूबाईंनी विचारले, की मी मुलाचे नाव सांगते. त्याची लाज मला खाण्याहूनही अधिक वाटते. मध्यंतरी एका आहार-योजनेने ९ किलो वजन उतरले होते, ते वर्षभरात परत आले. खाल्ल्यावर उलटी काढणे किंवा जुलाबाची गोळी घेणे असे मी कधी केलेले नाही. हा मनाचा कमकुवतपणा आहे की आजार?

उत्तर १ (राजारामपुरी)

ताई, मी यातून गेलो आहे म्हणून लिहितो. माझे वडील तालमीत वाढलेले, त्यामुळे आमच्या घरी भरपूर खाणे हा दोष कधीच नव्हता आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या कोणी मोजत नसे. म्हणूनच माझा त्रास मला फार उशिरा ओळखता आला. मनोविकारतज्ज्ञांनी मला किती खाता हे विचारण्याआधी, थांबायचे ठरवल्यावर थांबता येते का, हे विचारले. ताबा सुटणे ही या आजाराची, म्हणजे बिंज ईटिंग डिसऑर्डरची, खूण आहे. भूक नसताना खाणे, भराभर खाणे, लपून एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे ही लक्षणे त्याच्या जोडीला येतात. असे प्रसंग आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने घडत असतील, तर अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत त्याला स्वतंत्र आजार मानले आहे. निदान अर्थात तज्ज्ञांनीच करायचे.

तुमच्या पत्रात मला रात्रीपेक्षा सकाळ अधिक खटकली. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. त्या काळात त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विचार टिकेना, आणि बंधन उठल्यावर त्यांच्यातील अनेकजण पोट भरल्यानंतरही खात राहिले. ही माणसे हावरट नव्हती. त्यांचे शरीर उपासमारीची भरपाई करत होते. चहावर काढलेली सकाळ आणि एका भाकरीवर काढलेली दुपार रात्री तुमच्याकडून तशीच वसुली करते, मग अपराधी वाटून तुम्ही दुसऱ्या दिवशी आणखी कमी खाता, आणि तेच चक्र पुन्हा फिरते. मला आधी नाश्ता सुरू करायला सांगितले: दिवसात तीन जेवणे, मध्ये दोनदा थोडे खाणे, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नाही, आणि वजन उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला. पहिल्या आठवड्यात याची मला भीती वाटली, कारण दिवसाही खाल्ले आणि रात्रीही खाल्ले तर काय, असे वाटे. रात्रीचे प्रसंग लगेच थांबले नाहीत, पण महिनाभरात विरळ झाले.

उत्तर २ (समुपदेशक, शाहूपुरी)

वरील अनुभवाशी मी सहमत आहे. एक वही ठेवा आणि त्यात काय खाल्ले याबरोबरच त्याआधी काय घडले होते तेही लिहा, कारण भुकेखेरीज एकटेपणा, राग आणि कार्यालयातील ताणही माणसाला त्या ओट्यापाशी नेतात. या आजारावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, चांगली उपयोगी पडते. काहींना औषधेही दिली जातात. मधुमेहाची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही औषधांनी भूक वाढते आणि मधुमेहात जेवणाच्या वेळा बदलताना सल्ला आवश्यक असतो. खासगी दवाखान्याचा खर्च जड जात असेल तर कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाता येईल, आणि टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

उत्तर ३ (गंगावेस)

बाळ, उपवासाविषयी मी लिहिते, कारण त्यावर घरात बोलणे तुला सर्वांत अवघड जाईल. आजारी माणसाला उपवास नसतो, हे आमच्या आधीच्या पिढीतही सगळे मानत. सासूबाईंना इतकेच सांग की डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितले आहे. देवघरातला नेम वेगळा ठेवता येतो.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. गेले आठ दिवस सकाळी पोहे किंवा भाकरी खाऊन कामावर जात आहे आणि सोमवारी उपवास केला नाही. दोन रात्री पुन्हा तसेच घडले, पण दोन्ही वेळा ते वहीत लिहिले. मंगळवारी सीपीआरमध्ये जाणार आहे. भडंग मी खाल्ले होते, हे काल मुलाला सांगितले.