अनुभव धागा : गोल्फचे क्लब मापाने करून घेणे खरोखर उपयोगी पडते का?

मुळाकाठचा
येत्या शनिवारी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी क्लब फिटिंगची, म्हणजे गोल्फच्या काठ्या तिच्या मापाने करून घेण्याची, वेळ घेतली आहे. ती इथे अमेरिकेत, कोलंबसमध्ये, शाळेच्या संघातून खेळते, आणि संघातल्या बाकीच्या मुलींचे क्लब मापाने केलेले असल्यामुळे आपलेही तसेच हवेत, असा तिचा आग्रह आहे. तासाभराच्या तपासणीचे १२५ डॉलर, क्लबांचे पैसे वेगळे. आकडा ऐकून मी नाक मुरडले खरे, पण त्याच रात्री मला १९९६ सालचे येरवडा आठवले आणि झोप लागेना.

त्या काळी मी साहेबांच्या मागोमाग येरवड्याच्या कोर्सवर जायला लागलो होतो. माझी उंची पाच फूट चार इंच, आणि सेट एका चांगल्या उंच गृहस्थाने वापरून विकलेला. आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबाने, मारलेला प्रत्येक चेंडू डावीकडे जाई, आणि दोन महिने मी आपल्या मनगटांनाच दोष देत होतो. एके दिवशी माझा कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा मदतनीस, खाली बसला, मी नुकत्याच उडवलेल्या मातीच्या खळग्यात त्याने बोट फिरवले आणि म्हणाला, “साहेब, काठीची टाच रुततीय तुमची. पुढचं टोक हवेत राहतंय. ही काठी तुमच्यासाठी फार उभी आहे.” दुसऱ्या दिवशी तो सगळे आयर्न पोत्यात घालून घेऊन गेला. त्याच्या मेव्हण्याचे विश्रांतवाडीला फॅब्रिकेशनचे दुकान होते. तिथे मोठ्या शेगड्यात, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या पकडीत, पकडून त्याने एकेक क्लब नजरेच्या अंदाजाने वाकवला आणि दोनशे रुपये घेतले. त्यानंतर चेंडू सरळ जाऊ लागला. काठी जमिनीशी जो कोन करते त्याला ‘लाय अँगल’ म्हणतात, हे मला पुढे अमेरिकेत आल्यावर कळले.

म्हणजे मापाचा फायदा मी स्वतः अनुभवलेला आहे. तरीही यंत्रावरच्या फिटिंगला, आणि तेही वाढत्या वयाच्या मुलीसाठी, एवढे पैसे द्यावेत का, हे ठरत नाही. आपापले अनुभव लिहावेत. फायदा झाला नसेल तर तेही अवश्य लिहावे.

शाफ्टवाला
सर्वांत आधी सात नंबरच्या आयर्नपासून सावध राहा. विद्यार्थी असताना मी अशाच एका दुकानात दोन वर्षे काम केले आहे, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा सात नंबर घेऊन येते. त्याचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणारा चेहरा जितका मागे कललेला तो कोन, असतो ३४ अंशांच्या आसपास; तो कमी तितका चेंडू लांब जातो. आम्ही त्याच्या हातात नवा सात नंबर द्यायचो, ज्याचा लॉफ्ट असायचा २९ किंवा ३० अंश आणि शाफ्टही (क्लबाचा दांडा) थोडा लांब. तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर चेंडू पंधरा यार्ड पुढे गेलेला दिसला की माणूस तिथल्या तिथे पैसे काढायचा. प्रत्यक्षात त्याच्या हाती जुना सहा नंबरच यायचा, फक्त त्यावर सात हा आकडा कोरलेला असायचा. तपासणीच्या वेळी क्लबाचा आकडा न विचारता लॉफ्ट विचारा आणि समान लॉफ्टची तुलना करून मागा.

दुसरी गोष्ट शाफ्टवरच्या अक्षरांची. ‘आर’ म्हणजे रेग्युलर आणि ‘एस’ म्हणजे स्टिफ, इतके सगळ्यांना ठाऊक असते, परंतु ही अक्षरे सर्व कंपन्यांत सारखी मोजली जात नाहीत. एका कंपनीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका कडक निघू शकतो. त्यामुळे अक्षर पाहून इंटरनेटवर शाफ्ट मागवण्यापेक्षा तो हातात घेऊन मारून पाहणे शहाणपणाचे, आणि फिटिंगला मी पैसे देईन ते मुख्यतः यासाठी. बाकी आमच्या दुकानात क्लब घेतले तर तपासणीची फी वजा होत असे. तसे आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

सुगरण_टेक्सास
मुळाकाठचा, मुलीसाठी फिटिंग नक्की करा, आणि का ते माझ्या फजितीवरून पाहा.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. यजमानांनी नवा सेट घेतला तेव्हा त्यांचा जुना सेट प्रत्येकी एक इंच कापून मला देण्यात आला, आणि मलाही काटकसर केल्याचे समाधान वाटले. चार वर्षे मी त्या क्लबांनी खेळले, आणि चेंडू कायम उजवीकडे, उंची न घेता, कसातरी घसरत जायचा. मी दोन प्रशिक्षक बदलले. अखेर फिटिंगला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी क्लब तराजूवर ठेवून दाखवला. शाफ्ट अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना क्लबाचे डोके किती जड वाटते त्याचे माप, साधारण तीन अंकांनी उतरते, म्हणजे माझ्या सेटचे ‘डी १’ वरून ‘सी ५’ वर आले होते. पुढचे टोक इतके हलके झाले होते की क्लबाचे डोके कुठे आहे, हे हाताला कळतच नव्हते. वर पुरुषांचा स्टीलचा शाफ्ट, आणि तो कापल्यामुळे आणखी ताठ झालेला. मी चार वर्षे लाटणे फिरवत होते म्हणा ना.

त्यांनी मला हलके ग्रॅफाइट शाफ्ट आणि बारीक ग्रिप दिल्या. लांबी मात्र बायकांच्या तयार सेटपेक्षा पाव इंचच कमी ठेवली. याचा अर्थ असा, की तयार सेटच घेतला असता तरी माझे ऐंशी टक्के काम भागले असते. फिटिंगने मला नवे काही दिले, त्यापेक्षा चार वर्षे काय चुकत होते ते दाखवून दिले, असे म्हणणे जास्त खरे होईल.

यजमान अजूनही म्हणतात की कापताना त्यांनी अगदी सरळ कापले होते.

हँडिकॅप_चोवीस
माझा अनुभव उलट आहे आणि तो मला अठराशे डॉलरना पडला.

मला जन्मजात स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जातो. फिटिंगवाल्या गृहस्थाने पंचवीस चेंडू मारून घेतले, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि माझ्या त्या वेळच्या स्विंगला शोभेल असा सेट मनापासून बांधून दिला. लाय तीन अंश उभा, ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबाचा) चेहरा किंचित बंद, आयर्नला ऑफसेट (दांड्यापेक्षा चेहरा मागे) भरपूर, म्हणजे सगळे चेंडू डावीकडे खेचणारे. पहिल्या महिन्यात चेंडू सरळ गेले आणि मी मित्रांना जेवण दिले. पुढच्या वर्षी एका चांगल्या प्रशिक्षकाकडे गेलो. त्याने सहा महिन्यांत माझा बाहेरून आत येणारा स्विंग सुधारला, आणि जसजसा स्विंग सुधारला तसतसे तेच क्लब चेंडू डावीकडच्या झाडीत नेऊन टाकू लागले. माप माझेच होते, परंतु ते माझ्या चुकीचे माप होते. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण त्या गृहस्थाने मी जे दाखवले त्यावरूनच काम केले.

स्पेनचा नामांकित गोल्फपटू सेव्हे बॅलेस्टेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नवर सगळे फटके शिकला. त्याचे कोणी माप घेतले नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी आधी प्रशिक्षक आणि मग फिटिंग, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुगरण_टेक्सास
चोवीस, सेव्हे एकच झाला. त्या वेळी बाकीची मुले काय करत होती, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

निवृत्त_छावणी
जिथे मापे घेतात त्या जागेबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

माझा निम्मा खेळ छावण्यांमधल्या नऊ होलांच्या कोर्सवर झाला, जिथे भोकाभोवती ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ, नसून ब्राउन असत, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूचे वर्तुळ, ज्यावर पटिंगच्या, म्हणजे चेंडू भोकाकडे हलकेच ढकलण्याच्या, आधी चेंडूची वाट सपाट करून घ्यावी लागे. भोकापर्यंतचा मुख्य पट्टा, म्हणजे फेअरवे, मे महिन्यात टणक माळ. निवृत्तीनंतर मुलाकडे परदेशी गेलो असता त्याने हौसेने माझी फिटिंग करवली. बंद खोलीत, हिरव्या प्लास्टिकच्या चटईवर. त्या चटईवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी तो घसरून पुढे येतो आणि पडद्यावर फटका बरा दिसतो. तिथे मला १४ अंश बाउन्सचा सँड वेज (वाळूतून चेंडू उचलायचा क्लब) देण्यात आला; बाउन्स म्हणजे क्लबाचा तळ धारेपेक्षा किती खाली उतरलेला आहे तो कोन. मऊ, हिरवळीच्या जमिनीला तो उत्तम, कारण रुंद तळ मातीत शिरू देत नाही. नगरच्या कडक जमिनीवर मात्र तोच तळ आपटून उसळतो आणि क्लबाची धार चेंडूच्या पोटात बसते. पहिल्याच आठवड्यात मी दोन चेंडू चहाच्या टपरीपर्यंत पोहोचवले. शेवटी माझा जुना, झिजलेला, सहा अंश बाउन्सचा वेज पुन्हा पिशवीत आला.

फिटिंगला जाताना आपण कोणत्या जमिनीवर खेळतो, हे सांगावे, आणि शक्य असेल तर खऱ्या गवतावर मारून पाहण्याचा आग्रह धरावा. मुळाकाठचा, आपल्या त्या कॅडीने मातीचा खळगा पाहून निदान केले, ही मला या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. चटईवर खळगा पडतच नाही.

डावखुरा_चेंबूर
तुम्ही सगळे नशीबवान आहात. मी मुंबईत फिटिंगला गेलो तेव्हा तपासणीच्या पेटीत तीस-बत्तीस शाफ्ट होते, आणि डाव्या हाताच्या क्लबाचे डोके एकच होते, तेही अर्ध्या अंशानेही बदलता न येणारे. सल्लागाराने अतिशय गंभीरपणे मला पाऊण तास तपासले आणि शेवटी जो एक सेट त्यांच्याकडे डावखुऱ्यांसाठी मागवता येत होता, तोच माझ्या मापाचा असल्याचे जाहीर केले. नामांकित गोल्फपटू फिल मिकल्सन एरवी उजवा असूनही गोल्फ डाव्या हाताने खेळतो, हे वाचून मी उलटे करून पाहिले, म्हणजे उजव्या हाताने खेळून पाहिले. पाठ धरली.

निवृत्त_छावणी
डावखुरा, आमच्या मेसमध्ये एक डावे मेजर होते. ते त्यांचा सेट कोणालाच उसना देत नसत, आणि कोणी मागतही नसे. बदलीच्या सामानात तोच काय तो सुरक्षित राही.

साठीनंतर
मी फक्त ग्रिपबद्दल लिहितो. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, आणि नवव्या होलपर्यंत मूठ आवळत नसे. मुलांनी संपूर्ण फिटिंगचे कूपन दिले. तपासणाऱ्या मुलीने माझे हात पाहिले, ड्रायव्हरला हातही लावला नाही, आणि जाड, मऊ ग्रिप बसवून घ्या एवढेच सांगितले. क्रिकेटच्या बॅटीला आपण एकावर एक दोन ग्रिपा चढवायचो तसाच प्रकार, फक्त इथे ग्रिपखाली टेपचे जादा वेढे देऊनही जाडी वाढवता येते. जाड ग्रिपने मनगटे कमी वळतात, त्यामुळे चेंडू थोडा उजवीकडे राहू लागला, पण मी अठरा होल पूर्ण करतो. यार्ड किती कमी झाले, ते मोजलेले नाही.

शाफ्टवाला
साठीनंतर, अशी फिटिंग करणारी व्यक्ती मिळाली तर तिला सोडू नका. तुमच्या त्या भेटीत दुकानाला काहीच मिळाले नसणार. आमच्याकडे मालक दर शनिवारी ड्रायव्हर किती गेले, हे विचारायचा, आणि ग्रिप बदलून द्यायचे काम आम्हा विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडायचे.

मुळाकाठचा
सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, त्याचा वृत्तांत देतो.

चोवीस यांचा सल्ला मी तिथल्या तंत्रज्ञाला सांगितला आणि त्याने तो बराचसा मान्य केला. मुलगी गेल्या वर्षात तीन इंच वाढली आहे, अजून वाढेल, त्यामुळे नवा सेट घेऊ नका, असे त्याने स्वतःहून सांगितले. तिच्या आहे त्याच आयर्नची लांबी अर्धा इंच वाढवली आणि लाय एक अंश उभा केला, कारण उंची वाढल्यामुळे तिचे हात वर गेले होते आणि क्लबाचे टोक खाली टेकत होते. शाफ्ट तेच ठेवले. निवृत्त_छावणी, चटईचे मी विचारले, तेव्हा तो आम्हाला मागच्या गवतावर घेऊन गेला आणि तिने उडवलेल्या मातीच्या तुकड्यांकडे त्याने बराच वेळ पाहिले. मला तिथे येरवडा दिसले.

मी गाडीत माझे जुने आयर्न घेऊन गेलो होतो. मुलीचे झाल्यावर, संकोच वाटत असतानाही, ते त्याला दाखवले. त्याने प्रत्येकाच्या तळाला टेप लावून मला कडक पट्टीवर मारायला लावले आणि मग एकेक क्लब मापनयंत्रात धरला. सात नंबर मूळ कोनापेक्षा अडीच अंश झोपलेला होता, टेपवरची खूण अगदी मध्यावर, म्हणजे तळ सपाट टेकत होता. आठ आणि नऊ जवळपास तसेच. पाच नंबर मात्र एकच अंश वाकला होता आणि त्याची खूण अजूनही टाचेकडे होती. सहा त्यांच्या मधला कुठेतरी. या पाच नंबरवर माझा अठ्ठावीस वर्षे भरवसा बसला नव्हता आणि त्याचे कारण मी स्वतःमध्ये शोधत होतो. तंत्रज्ञाने विचारले की हे कोणत्या यंत्रावर केले होते. मी शेगड्याचे सांगितले, तेव्हा तो क्लब पुन्हा उलटसुलट करून बघू लागला. डोके घडीव पोलादाचे होते म्हणून निभावले, ओतीव असते तर तडकू शकले असते, असे तो म्हणाला.

निवृत्त_छावणी
पाच नंबर दुरुस्त करून घेतलात का?

मुळाकाठचा
घेतला. पाच डॉलर पडले. सहा नंबर तसाच ठेवला आहे.