नक्षीच्या लाकडी पेन-ब्लँकला ८५० रुपये: जास्त की कमी?

कुडाळचा_कातारी
मंडळी, वाद घालायलाच धागा काढतोय. आपल्यातल्याच एकाने जोडकामाचे पेन ब्लँक विकायला ठेवलेत, नग ८५० रुपये. फणसाचं पिवळं लाकूड, त्यात शिसवीच्या पट्ट्या आणि पितळेचा पातळ पत्रा, चारी बाजूंनी एकमेकांत गुंतलेल्या गाठीची नक्षी. फोटो व्हॉट्सॅपवर पडला आणि लगेच निकाल लागला, "पाच इंचाच्या ढलप्याला ८५०? वेड लागलंय काय?" लिहिणारे निम्मे लोक स्वतः लाकडात हात घालणारे, म्हणून जास्त लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लँक म्हणजे पाऊण इंच बाय पाऊण इंच आणि साधारण पाच इंच लांब चौकोनी दांडका. त्याचे दोन तुकडे करायचे, मधोमध भोक पाडायचं (साध्या स्लिमलाईन पेनाला ७ मिमी), आत पितळेची नळी चिकटवायची, तोंडं काटकोनात घासायची, मग लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र) कातून पॉलिश. टोक, क्लिप, रिफिल हे सगळं किटमधे येतं. साध्या शिसवीचा ब्लँक ६०-७० रुपयाला मिळतो ते ठीक आहे, तो नुसता कापलेला असतो.

गाठीचं काम वेगळं. ब्लँक तिरका कापायचा, करवतीने जेवढं लाकूड खाल्लं बरोबर तेवढ्याच जाडीची पट्टी त्या फटीत भरायची, चिकटवायची, वाळू द्यायची, मग ९० अंशात फिरवून परत तिरका काप, असं चार वेळा. पट्टी कागदाच्या जाडीएवढी जरी कमीजास्त झाली तरी रेघा एकमेकींना भेटत नाहीत, आणि हे कधी कळतं तर कातून झाल्यावर. त्यात पितळ असेल तर भोक पाडताना पत्रा तापतो आणि गोंद सुटतो. माझ्या मते ८५० बरोबर आहे, थोडे कमीच आहेत. फक्त एक अट आहे, ती तुमचं ऐकून मग सांगतो.

वखारवाले_अण्णा
हिशोब मांडूया ना मग. साग घनफुटाला ४५०० धरा. एका घनफुटात कागदावर सहाशेच्या वर ब्लँक बसतात, करवतीचा भुस्सा जाऊन साडेचारशे तरी हातात येतात. म्हणजे एका ब्लँकात १० रुपयांचं लाकूड झालं, फणस तर त्याहून स्वस्त. गोंद २ रुपये, पितळ चला ३० रुपये धरा. उरली मजुरी. आमच्याकडे चांगला सुतार दिवसाला हजार-बाराशे घेतो आणि संध्याकाळपर्यंत दरवाजा बसवून देतो. आणि गोंद वाळायला चार दिवस लागतात हे मला सांगू नका, गोंद वाळताना तुम्ही झोपलेले असता, झोपेची मजुरी कोण देतो? पंधरा-वीस एकदम लावा क्लॅम्पला, प्रत्येकाचा वेळ अर्ध्या तासावर येईल, तीनशे रुपयात विकून पण नफा आहे.

कुडाळचा_कातारी
अण्णा, वीस एकदम लावता येतात हे मान्य, वाळायचा वेळ मी पण धरत नाही. पण वीस ब्लँकना चार-चार काप म्हणजे ८० काप, आणि प्रत्येक काप जिगमधे (लाकूड नेमक्या कोनात धरणारा साचा) आधीच्या कापाशी जुळवून. दरवाजाची चौकट दोन मिमी मागेपुढे झाली तर तुमचा सुतार वरून पट्टी ठोकतो आणि आपण चहा पाजतो त्याला. इथे दोन मिमी म्हणजे माल गेला. शिवाय साग-शिसवीत तेल असतं, चिकटवायच्या आधी अॅसिटोनने पुसलं नाही तर सांधा दिसायला धरलेला दिसतो आणि लेथवर उघडतो. फुटलेल्या मालाचा खर्च उरलेल्या मालावरच बसणार ना, तुमच्या वखारीत चिरलेल्या फळीचा बसतो तसा.

गिरमिट
दोघेही चुकीच्या जागी भांडताय. पेन कातल्यावर त्या ब्लँकचं राहतं काय ते बघा. स्लिमलाईनचा व्यास टोकाशी साडेआठ मिमीच्या आत, त्यात ७ मिमीचं भोक, म्हणजे लाकडाची भिंत पाऊण मिमी. मधे फुगवटा ठेवला तर दीड मिमी. १९ बाय १९ मिमीचा चौकोन घेऊन सुरुवात केलेली, त्यातलं ९० टक्के लाकूड भुश्श्यात. तुमची शिसव, तुमचं पितळ, तुमचे काटेकोर काप, सगळं केरसुणीने गोळा करायचं.

आणि यातली खरी गोम अशी की ब्लँकच्या सपाट बाजूवर दिसणारी नक्षी आणि आत चार-पाच मिमी खोल असणारी नक्षी एक नसते. तिरकी पट्टी आत जाताना सरकते. फोटोत फार सुंदर दिसणारा ब्लँक कातल्यावर गचाळ निघू शकतो आणि वरून गबाळा दिसणारा आत एकदम जुळलेला असू शकतो. त्यामुळे सपाट ब्लँकच्या फोटोवर ८५० मागणारा आणि त्याच फोटोवर ८५० ला शिव्या देणारा, दोघांनाही माल दिसलेलाच नाही. त्याच बॅचमधला एक कातून त्याचा फोटो टाका, मग दराचं बोला.

खळ्यातलो_माणूस
माका ह्यातला काय कळणा नाय. एवढ्या म्हाग पेनान लिवतलंय काय, तर सामानाची यादी. ती पण आता बायल मोबायलार लिवता.

बाजारपेठ_मालवण
वरच्या माणसाने एका ओळीत माझं दुकान सांगितलं 😄 गंमत सोडा, माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक किल्ला बघून होडीतून उतरलेलं असतं, उन्हाने तापलेलं, पोरं आईसक्रीम मागतायत. तो खाजं घेतो, कोकम आगळ घेतो, काजू घेतो, आणि ऑफिसातल्या दोघांना द्यायला काहीतरी म्हणून लाकडी पेन उचलतो. त्याचं बजेट २००, फार तर ३००. त्याला मी गाठ, पट्टी, जिग समजावत बसू काय?

आता ८५० चा ब्लँक, ३०० चं किट, कातणाऱ्याचे ५००, झाले १६५०. मला ३० टक्के सुटले पाहिजेत, भाडं आहे, पावसाळ्यात चार महिने धंदा बसलेला असतो. म्हणजे पेनावर २४०० चा टॅग लागला. तो पेन काचेच्या कपाटात पडून राहणार, पुढच्या मे महिन्यात मीच पुसणार. तुमचं काम वाईट नाही हो, पण माझ्या काउंटरवर ते चालत नाही. ब्लँक २५० ला द्या, पेन १५०० ला लावतो, मग बघू.

सावंतवाडीची_लेक
"ब्लँक २५० ला द्या मग बघू" हे वाक्य आमच्या घरात माझ्या आजोबांपासून ऐकतोय आम्ही, फक्त ब्लँकच्या जागी लाकडी आंबा, केळी, वांगी घाला. सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊन बघा. पांगाऱ्याचं लाकूड वाळवायचं, घडवायचं, घासायचं, अस्तर, रंग, त्यावर रोगण, आणि विकायचं रुखवताच्या परडीत मांडायला म्हणून सेटवर. एका फळाची किंमत काढायला गेलात तर हसाल. कारण दर ठरवणारा आणि वस्तू करणारा वेगळा होता. गिऱ्हाईकाला तोंड व्यापाऱ्याचं दिसायचं, त्यामुळे हात कोणाचे ते विचारायचं कोणाला सुचलंच नाही. त्याच गावात हाताने रंगवलेली गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) मात्र राजवाड्यात बसून करतात आणि बघणारा समोर उभा असतो, त्याला वेळ लागताना दिसतो, तिथे किमतीवर एवढी घासाघीस होत नाही.

पण कातारी दादा, तुमच्याशीही माझं पटत नाहीये. ब्लँक विकणं हाच मला धंदा म्हणून चुकीचा वाटतो, ८५० ला विका नाहीतर १५०० ला. सगळ्यात अवघड भाग तुम्ही करताय, आणि मग दुसरा कोणीतरी तासाभरात कातून त्यावर स्वतःचं नाव घालून विकतोय. लेथ तर तुमच्याकडे आहेच, मग पेनच विका ना.

कुडाळचा_कातारी
ताई, प्रत्येकाला पेन विकता येत नाही. पेन विकणं म्हणजे किटचा स्टॉक, डबी, कुरियर, "रिफिल संपलं आता काय करू" असे मेसेज. ज्याला नुसतं जोडकाम आवडतं त्याने तेच करावं की. ब्लँकचं गिऱ्हाईक हा जाणकार असतो, त्याला समजावत बसावं लागत नाही, मालवणच्या काउंटरशी त्याचा संबंधच नाही.

शनिवारवाडा_टर्नर
तो जाणकार गिऱ्हाईक मीच 🙋 पुण्यात घरच्या बाल्कनीत छोटा लेथ आहे, हौस म्हणून करतो. ८५० देईन, आनंदाने देईन, पण कोकणातला ब्लँक म्हटलं की मला एकच भीती वाटते, ती पाण्याची. तुमच्याकडे पावसात उघड्यावरचं लाकूड १६-१८ टक्के ओलाव्यावर जातं. तेच लाकूड पुण्यात एप्रिलमधे माझ्या बाल्कनीत आलं की सुकून आकसणार, आणि आत पितळ, ते आकसत नाही. मग सांधा तरी उघडतो नाहीतर केसासारखी चीर जाते, अगदी पॉलिश करून, मित्राला देऊन झाल्यावर. एका विक्रेत्याकडून (गाव सांगत नाही, भांडण नको) असा माल आला होता, विचारलं तर म्हणे "तुमची छिन्नी बोथट असेल".

दुसरं म्हणजे फणस. नवा फणस लिंबासारखा पिवळा असतो, शिसवीशेजारी फार उठून दिसतो, पण उजेडाने तो तपकिरी होत जातो. चार वर्षांनी ती नक्षी शोधावी लागणार. ८५० मागताना हे गिऱ्हाईकाला सांगता का?  आणि काळ्याशेजारी पिवळं घेतलं की पॉलिश पेपर मारताना शिसवीची भुकटी पिवळ्यात बसते, तो वैताग वेगळा, पण तो माझा, त्याचे पैसे मागत नाही.

कुडाळचा_कातारी
हां, आता माझी अट सांगतो, कारण विषय तिथेच आला. ब्लँक फुटला तर नुकसान कोणाचं? ६० रुपयाच्या साध्या ब्लँकला हा प्रश्न पडत नाही, फेकला, दुसरा घेतला. ८५० ला पडतो. म्हणून माझं म्हणणं, एवढा दर लावणाऱ्याने भोक स्वतः पाडावं, नळी स्वतः बसवावी, तोंडं घासून द्यावीत. सगळ्यात जास्त माल भोक पाडतानाच फुटतो, ती जोखीम विकणाऱ्याने घेतली की दर आपोआप पटतो. नळी आत गेल्यावर जोडाला आधार पण मिळतो. त्यानंतर सांधा उघडला तर बदलून द्यायचा, कातताना छिन्नी अडकून उडाला तर घेणाऱ्याचा.

शनिवारवाडा_टर्नर
ऐकायला छान आहे पण नळी बसवली की तो ब्लँक एकाच किटचा झाला. स्लिमलाईनला ७ मिमी, जाड पेनांच्या किटला १० मिमीच्या वरची नळी. मला सहसा जाड पेनच करायचं असतं, कारण गिरमिटभाऊंनी सांगितलं तसं ७ मिमीच्या पेनात नक्षीला जागाच राहत नाही. मग तुम्ही प्रत्येक डिझाईन तीन नळ्यांमधे ठेवणार का? न विकलेला माल कोणाच्या बोकांडी?

कुडाळचा_कातारी
ऑर्डर आल्यावर भोक. आधी नाही.

चिपळूण_सीएनसी
हे सगळं वाचून मजा वाटली. पट्टीच्या जाडीचं एवढं कौतुक चाललंय, ते मशीन पहिल्या नगापासून शंभराव्यापर्यंत सारखं करतं. लेझरने कोडं कापल्यासारखे तुकडे, नळीवर बसवले, झाला ब्लँक. हाताने केलं म्हणून जास्त पैसे हे भावनेचं राजकारण आहे. गिऱ्हाईकाला जुळलेली रेघ पाहिजे, ती कोणी जुळवली त्याच्याशी त्याला काय करायचंय. आणि जर गिऱ्हाईक इथे मिळत नसेल तर बाहेर पाठवा, डॉलरमधे हाच ब्लँक सहज जाईल.

गिरमिट
लेझरने कापलेली कड जळून काळी होते, ती रेघ पेनावर दिसते, कोणाला आवडते कोणाला नाही. मशीनला माझा विरोध नाही, फक्त मग दरपण मशीनचा लावा आणि "हस्तकला" लिहू नका.

बाहेर पाठवायचं म्हणताय ते शिसवीचं सोपं नाही. शिसव ज्यात येते त्या डालबर्जिया वंशातली जवळजवळ सगळी झाडं २०१७ पासून साइटिसच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूला एका पार्सलमधे १० किलोपर्यंत लाकडाची सूट आहे, म्हणजे पेनाला बसते. पण ब्लँक ही तयार वस्तू नाही. हा एकच मुद्दा आहे जिथे मला ताईंचं "पेनच विका" पटतं.

वखारवाले_अण्णा
मी अजून माझ्या तीनशेवर ठाम आहे. तरी एक सांगतो, तो पुण्याचा बोलतोय ते ओल्या लाकडाचं बरोबर आहे, वखारीतला माल पेनाला घेऊ नका. माझ्याकडे एका मोडलेल्या माजघराचे फणसाचे खांब पडलेत, जुने, वाळायचे ते वाळून झालेत. पाहिजेत तर घेऊन जा.

कुडाळचा_कातारी
घनफुटाला काय लावणार?

वखारवाले_अण्णा
घनफुटावर नाही देणार. नगावर. खांबाला सात हजार.

सावंतवाडीची_लेक
अण्णा 😂😂 १० रुपयांचं लाकूड होतं ना?

वखारवाले_अण्णा
ते वखारीतलं. हा खांब तुमच्या आज्यापासून वाळतोय.

कुडाळचा_कातारी
सहा. रविवारी येतो, ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर घेऊन. आणि मालवणवाले, तुमच्या काउंटरसाठी साध्या शिसवीचे पेन देतो, गाठीचे दोनच ठेवा कपाटात, २५ टक्क्यांवर.

बाजारपेठ_मालवण
साधे चालतील. गाठीचे ३० टक्के, आणि विकले तरच पैसे.