समितीपुढे येते ती फाइलच

"यूएनमध्ये (संयुक्त राष्ट्रांत) कंत्राटांवर समिती असते, तरी घोटाळे होतात कसे?" हा प्रश्न रास्त आहे. मुख्यालयाची कंत्राट समिती फक्त सल्ला देते, निर्णय वरचा अधिकारी घेतो. शिवाय तिच्यापुढे येते ती खरेदी विभागानेच बांधलेली फाइल. अटी कुणाच्या सोयीने लिहिल्या, कुठली निविदा कसल्या सबबीवर बाद केली, हे सगळं तोवर उरकलेलं असतं.

संजया बहल यांचं प्रकरण आठवा. यूएनच्या खरेदी विभागातले मोठे अधिकारी. भारतातल्या एका सरकारी कंपनीच्या एजंटला झुकतं माप, बदल्यात मॅनहॅटनमधलं घर स्वस्तात. 2007 साली न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरले, पुढच्या वर्षी 97 महिन्यांची शिक्षा. पण गंमत बघा, हे उकरून काढलं तपास पथकाने आणि कोर्टाने, समितीने नव्हे.

मालमत्तेच्या नुकसानीकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. हरवलेलं, मोडलेलं सामान निर्लेखित करायचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचं की नाही, हे यूएनचंच मालमत्ता मंडळ सुचवतं. घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर कर्मचाऱ्याकडून वसुलीही होऊ शकते. 2010 च्या भूकंपात हैतीतल्या यूएनच्या शांतता मिशनचं मुख्यालयच कोसळलं, तिथे कुणाला धरणार? पण जनरेटरचं डिझेल दर महिन्याला थोडं थोडं 'उडत' असेल, तर शिक्का मारण्याआधी मंडळाने लॉगबुक मागवून मीटरच्या तासांशी ताडून बघायला काय हरकत आहे?