मदत हवी आहे: व्हर्मिन्टाइड २ मध्ये चॅम्पियनवर अडकलोय

नमस्कार मंडळी. डिचोलीहून मी, म्हापशाचा मावसभाऊ आणि फोंड्याचे दोघे मित्र, असे चौघे रोज रात्री जेवणानंतर बसतो. चौघांनी मिळून उंदीरमाणसांशी लढायचा हा गेम २०१८ चा, पण आम्हाला आत्ता सापडला. व्हेटरन या अवघडपणाच्या पातळीपर्यंत उंदरांना मजेत झोडलं. त्यापुढच्या चॅम्पियनवर मात्र आठवडाभर एकही मिशन पूर्ण नाही.

मुख्य भानगड अशी की चॅम्पियनपासून आपलाच बाण, आपलीच आग आपल्या माणसाला लागते. आमची आगीची जादूगार सिएना (म्हणजे मावसभाऊ) दाराशी आगीचा लोळ सोडते आणि मी, म्हणजे सैनिक क्रुबर, पुढे उभा, भाजलेल्या बांगड्यासारखा! त्याला कितीदा सांगितलं, ऐकत नाही.

दुसरं, पॅकमास्टर, म्हणजे आकडेवाला उंदीर. हूल दिल्यासारखा गर्दीत घुसतो, आकडा अडकवून एकाला फरफटत नेतो, आणि उरलेले तिघे हॉर्डशी (उंदरांच्या झुंडीशी) झुंजत असतात. सोडवायला जावं तर मागून रॅटलिंग गनर, गोळ्यांचा पाऊस पाडणारा उंदीर. अशा वेळी कोणी पुढे जायचं, कोणी ढाल धरून ढकलायचं?

शिवाय जास्त बक्षिसासाठी उचलायची ती पुस्तकं: टोम घेतलं की औषधाची जागा जाते, ग्रिमॉयर घेतलं की पोशनची (ताकदीच्या काढ्याची), वर सगळ्यांचं आरोग्यही घटतं. तरी घ्यावेत का, की आधी नुसतं मिशन संपवायला शिकावं?

होस्ट (ज्याच्या मशीनवर सगळ्यांचा गेम चालतो तो) नेहमी मीच असतो, आणि पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. होस्ट फोंड्याला द्यावा का?

अनुभवी कोणी असाल तर सांगा रे. शनिवारी परत बसतोय.