समकालीन चित्रकारांवरून कापडाची नक्षी: नक्कल न होता रिपीट कसा बसवायचा?

काजळरेघ
सुती कापडावर स्क्रीन प्रिंटसाठी सहा डिझाइनांचा संच करायचा आहे. आधाराला यायोई कुसामा, ब्रिजेट रायली आणि डेमियन हर्स्ट घेतले आहेत. अडचणी अशा:
ठिपके काढले की ते थेट कुसामांची नक्कल वाटतात. रायलींच्या धर्तीचे काळे-पांढरे चौकोन ३२ सेंमी रिपीटमध्ये (कापडभर पुन्हा पुन्हा छापायच्या तुकड्यात) बसवले, तर दर जोडावर एक जाड उभा पट्टा उठून दिसतो. हर्स्टच्या ठिपक्यांसारखी रंगांची रेलचेल हवी आहे, पण स्क्रीन पाचच परवडतात (एका रंगाला एक). शिवाय, "३० टक्के बदल केला की हक्काचा प्रश्न मिटतो" असं ऐकलंय. खरं का?

उभाआडवा
आधी पट्ट्याचं बघू, ते निव्वळ मोजणीचं काम आहे.

तुम्ही बहुतेक रायलींचं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' (१९६१) समोर ठेवलंय. त्यात चौकोनांची उंची शेवटपर्यंत तीच राहते, रुंदी मात्र घटत घटत जवळपास रेघेएवढी होते आणि पुन्हा वाढते. चित्राला कडा असते, रिपीटला नसते. डावीकडे ४० मिमीने सुरुवात करून उजवीकडे ४० मिमीवरच संपवलंत, की जोडावर दोन रुंद स्तंभ शेजारी येतात. त्यात स्तंभांची संख्या विषम झाली, तर काळ्याला काळा चिकटतो आणि ८० मिमीचा ठोकळा तयार होतो. तुमचा पट्टा तोच.

सर्वात रुंद स्तंभ एकदाच आणि सर्वात अरुंदही एकदाच घ्या. ३२० मिमीसाठी हा क्रम चालेल: ४०, ३६, ३१, २५, १९, १३, ९, ५, ४, ५, ९, १३, १९, २५, ३१, ३६. स्तंभ १६, बेरीज बरोबर ३२०. ओळी ४० मिमीच्या ८. दोन्ही संख्या सम आहेत, म्हणून चारही बाजूंना काळ्याशेजारी पांढराच येतो.

इथे हाफ ड्रॉप, म्हणजे शेजारची प्रत अर्ध्या रिपीटने खाली सरकवणं, करत बसू नका. प्रत्येक स्तंभ वरपासून खालपर्यंत सारखाच आहे. १६० मिमी म्हणजे चार ओळी सरकवल्या तरी नक्षी जिथल्या तिथेच. पुढे रोटरी स्क्रीनवर (फिरत्या सिलिंडरच्या स्क्रीनवर) जायचं झालं तरी ३२ सेंमी सोयीचं आहे, कारण त्या सिलिंडरचा नेहमीचा घेर ६४ सेंमी असतो. रिपीटने त्याला नि:शेष भाग जायला हवा: ६४, ३२, १६. तीस सेंमीचा रिपीट करून ठेवला तर सगळं पुन्हा आखावं लागतं.

ताणाबाणा
नक्कल वाटण्याचं कारण असं, की ठिपका उचलला जातो आणि तो जिच्यामुळे पडतो ती कृती मागे राहते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली कुसामांची 'इन्फिनिटी नेट्स' चित्रं नीट पाहा. त्यांत ठिपका रंगवलेलाच नाही. रंगवलीत ती छोटी कमानीसारखी वळणं, एकाला एक लागून. मधे उरलेली जमीन (मागचा रंग) आपल्याला ठिपका वाटते. उचलायची असेल तर ही कृती उचला: हाताची एकच हालचाल हजार वेळा, आणि आकार उरलेल्या जागेतून. वळणाऐवजी आखूड तिरपी रेघ घ्या, दोऱ्याच्या टोकाने उठवलेला ठसा घ्या. दिसायला ते कुसामांपासून कोसभर लांब जाईल.

एक कसोटी लावून बघा. चित्रकाराचं नाव न घेता नियम तीन वाक्यांत लिहा आणि दुसऱ्या कोणाला तरी त्यावरून काढायला सांगा. अमेरिकन कलावंत सोल लेविट यांची १९६८ पासूनची भित्तिचित्रं अशीच होत: सूचना त्यांच्या, भिंतीवरचा हात बहुधा दुसऱ्याचा. तुमच्या तीन वाक्यांवरून कोणालाच काही काढता आलं नाही, तर नियम हाती लागलेला नाही, नुसतं चित्र आवडलेलं आहे. (आवडणं गैर नाही. डिझाइन होत नाही एवढंच.)

हाताने काढलेल्या जाळीचा रिपीट कागदावरच करा. ३२ × ३२ सेंमी कागदावर मधला भाग भरा, चारही कडांना ३-४ सेंमी कोरं सोडा. कागद उभा मधोमध कापा, डावा-उजवा भाग अदलाबदल करून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापून वरचा-खालचा बदला. कोरी जागा आता मधे अधिक चिन्हासारखी येते. ती भरा, पण बाहेरच्या कडांना पेन लावू नका, त्या आता जुळलेल्या आहेत.

चूक होते ती ही अधिकची जागा भरताना. हात दमलेला असतो, वळणं मोठी आणि सैल पडतात आणि कापडभर फिकट चौकट दिसू लागते. म्हणून तो भाग दुसऱ्या दिवशी, त्याच पेनाने, शेजारची वळणं मोजून भरा: ५ सेंमीत १४ असतील तर १४च. नंतर ३ × ३ प्रती जोडून भिंतीवर लावा आणि तीन मीटरवरून डोळे बारीक करून बघा. जवळून हा दोष सापडत नाही.

पाचरंगी
हर्स्टच्या ठिपक्यांचे दंडक दोन: दोन ठिपक्यांतलं अंतर ठिपक्याच्या व्यासाएवढं आणि एका चित्रात एकही रंग दुसऱ्यांदा नाही. दुसरा दंडक पाच स्क्रीनमध्ये पाळणं अशक्य. पण डोळ्याला रेलचेल वाटते ती रंगांच्या संख्येपेक्षा, सारखे रंग एकमेकांना भेटत नाहीत म्हणून. तेवढं साधता येतं.

पाच × पाच घरं घ्या. पहिली ओळ १ २ ३ ४ ५. पुढची प्रत्येक ओळ दोन घरं सरकवा: ३ ४ ५ १ २, मग ५ १ २ ३ ४, मग २ ३ ४ ५ १, शेवटी ४ ५ १ २ ३. सारखा रंग नेहमी घोड्याच्या अडीच घरांवर येतो, बाजूला किंवा कोपऱ्याला कधीच नाही. विणकामवाल्यांना हे ओळखीचं वाटेल; पाच धाग्यांच्या साटीनमध्ये बांध (उभा-आडवा धागा गुंततो त्या जागा) असेच विखुरतात. एकच घर सरकवलंत तर मात्र तिरप्या रंगीत रांगा दिसतील. ३२० मिमीत घर ६४ मिमीचं, म्हणजे ठिपका ३२ आणि मोकळी जागा ३२.

पाच रंगांपैकी एक खूप गडद असेल तर तो एकटाच पुढे येतो. सगळे नमुने कृष्णधवल फोटोत बघा आणि उजेड-अंधार जवळपास आणा.

शाईडबी
३० टक्क्यांचा असा नियम कुठेच नाही. प्रश्न टक्क्यांचा नसून मूळ कामाचा ओळखू येण्याजोगा भाग उचलला का, हा असतो. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) किमान मुदत कलावंताच्या हयातीनंतर ५० वर्षं आहे, अनेक देशांत ७०. समकालीन म्हणतो ते बहुतेक सगळं त्यात आलं. 'ठिपका' किंवा 'रुंदी घटत जाणं' ही कल्पना मोकळी आहे. ठरावीक मांडणी मात्र मोकळी नाही.

चित्र विकत घेतलं म्हणून छापायचा हक्क मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' प्रदर्शन भरलं, तेव्हा रायलींचं चित्र ज्याच्या मालकीचं होतं अशा एका कपडे-उत्पादकाने त्यावरून कापड छापलं होतं. रायली भयंकर चिडल्या. आणि विकताना लेबलवर चित्रकाराचं नाव अजिबात नको. ती वेगळीच भानगड.

काजळरेघ
१६ स्तंभांनी पट्टा गेला. पण छापल्यावर अरुंद भागातले पांढरे चौकोन बुजताहेत. फिल्मवर (स्क्रीन करायच्या पारदर्शक नमुन्यावर) ४ मिमी स्वच्छ दिसतात, कापडावर जेमतेम साडेतीन. काळे उलट फुगलेत.

उभाआडवा
शाई धाग्यांतून पसरते, काळं दोन्ही बाजूंनी पाव मिमी वाढलंय. फिल्ममध्येच काळ्या आकारांची प्रत्येक कडा ०.२५ मिमी आत घ्या. काळ्यांचे कोपरे मग एकमेकांना टेकणार नाहीत, पण पसरल्यावर टेकतात. कापड बदललं की हा आकडाही बदलतो, आधी वीतभर तुकड्यावर छापून मोजा. स्क्रीनची जाळी ४३ टी (दर सेंमीला ४३ धागे) असेल तर ५५ टी वापरा, शाई कमी उतरते. पेस्ट पातळ करू नका आणि स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) जास्त वेळा ओढू नका.

कापड आधी धुऊन आटवून घ्या, आडवा धागा उभ्याला काटकोनात आहे का तेही बघा. ठिपक्यांत तिरकस धागा लपतो, या चौकोनांत पहिल्या ओळीलाच उघडा पडतो. छापल्यानंतर कापड ३ टक्के आटलं तर ३२० चे सुमारे ३१० मिमी होतात, शिवणीवर चौकोन जुळवणाऱ्याला हा आकडा आधी द्या.